जाळीवरचा चेहरा

मित्रांनो, भिंतीवरचे चित्र सगळे पाहतात. ते ज्याच्यातून कागदावर उतरले, त्याच्याकडे सहसा कोणी वळूनही बघत नाही. तशीच मी एक जुनी छपाईची चौकट आहे. सागवानाच्या चार पट्ट्या आणि त्यांवर ढोलाच्या कातड्यासारखी ताणून बसवलेली बारीक जाळी, एवढेच माझे शरीर. सध्या मी दिघीतल्या एका कुलूपबंद खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. खिडकीपलीकडे लष्कराच्या हद्दीची लांब भिंत आहे आणि तिच्यावर दिवसभर कावळे बसतात. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका सुताराच्या हातून झाला. कोणाच्या तरी दारासाठी आणलेले सागवान उरले होते, त्यातून त्याने मला घडवले. माझे कोपरे त्याने असे सांधले की आजवर एकही हललेला नाही. तिथून मी हिंदुरावांच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. तिथे यंत्रांच्या दर्शनी पट्ट्यांवर अक्षरे छापत असत. चालू, बंद, वेग कमी, वेग जास्त आणि लाल रंगात 'धोका'.

माझे काम कसे चालते तेही सांगते. आधी माझ्या जाळीवर एक हिरवट लेप लावून तो अंधारात वाळवतात. मग जे छापायचे त्याची काळी आकृती जाळीला चिकटवून ती प्रखर दिव्यासमोर धरतात. उजेड लागतो तिथे लेप घट्ट होतो. काळ्या आकृतीच्या आड राहिलेला लेप पाण्याने वाहून जातो आणि तेवढीच छिद्रे मोकळी होतात. वरून रंग घालून रबरी पट्टीने ओढला की तो त्या छिद्रांतून खाली उतरतो. काम झाले की लेप धुऊन टाकायचा आणि जाळी पुन्हा कोरी करायची. हजारो अक्षरे माझ्यातून गेली, पण एकही माझ्यापाशी राहिले नाही. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटे. पुढे सवय झाली.

त्या शेडमध्ये कस्तुरा कामाला आली तेव्हा ती विशीची होती. तिचे वडील भिवा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. त्यांनीच तिला चिकटवून दिले होते. ती बारीक चणीची आणि कमी बोलणारी होती, पण रंग कालवायला बसली की तिचा सगळा जीव हातात यायचा. दुपारी बाकीच्या बायका डबे उघडून गप्पा मारत तेव्हा ती बाजूला पत्र्याच्या टाकाऊ तुकड्यावर उरलेल्या रंगाने काहीतरी काढत बसे. हिंदुराव जाता-येता म्हणायचे, "कस्तुरा, तुझा हात पडला की बंद पडलेलं अक्षरसुद्धा बोलायला लागतं बघ." ती नुसती हसायची.

तिचे लग्न झाले होते, पण टिकले नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून मीही बोलत नाही.

अशी वर्षामागून वर्षे गेली. मग एके दिवशी शेडमध्ये एक पांढरे यंत्र आले. संगणकावर बोट दाबले की ते थेट पत्र्यावर छापायचे. त्याला लेप लागत नव्हता, जाळी लागत नव्हती, आणि कस्तुराचा हातही लागत नव्हता. आम्हा चौकटींना माळ्यावर टाकून दिले. आमच्यावर धूळ बसली, उंदरांनी दोघीतिघींच्या जाळ्या कुरतडल्या. कस्तुराला पॅकिंगला लावले. शेवटी माळा रिकामा करायची वेळ आली तेव्हा हिंदुरावांनी तिला हाक मारली. "यातली एखादी घेऊन जा गं. नाहीतर वॉचमन शेकोटीला घालील." तिने एकेक चौकट उचलून कोपरे दाबून पाहिले आणि मला निवडले. रिक्षातून येताना तिने मला मांडीवर उभे धरले होते. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा भोसरीचा रस्ता डोळे भरून पाहिला.

दिघीतल्या तिच्या खोलीच्या भिंतींवर चित्रांची दाटी होती. सगळी जगप्रसिद्ध चित्रे, पण मासिकांतून आणि कॅलेंडरांतून कापलेली. एक गूढ हसणारी परदेशी बाई होती. हाताआड दिवा धरून उभी असलेली आपल्याकडची एक तरुणी होती. आणि मधोमध अजिंठ्याच्या लेण्यातला हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व होता. लहान असताना भिवाने तिला खांद्यावर बसवून तो दाखवला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ही माणसे आपल्या ओळखीची आहेत, असे तिला वाटे. ती आपल्याच गल्लीत राहतात, फक्त त्यांना तसे कोणी काढलेले नाही.

पॅकिंगची नोकरीही सुटली आणि तिने मला धुऊन, नवी जाळी ताणून कामाला लावले. पहिली काढली ती दिवेवाली. पण ती झाली खालच्या मजल्यावरची चिमाबाई. चिमाबाई महापालिकेकडे झाडूकाम करते. पहाटे वीज गेलेल्या जिन्यातून उतरताना ती मोबाइलचा उजेड तळहाताने आडोसा करून धरते. तोच उजेड, तसाच बोटांमधून लालसर होऊन तिच्या सुरकुतलेल्या गालावर पडलेला. चिमाबाईने चित्र पाहिले आणि तोंडाला पदर लावला. "आगं बया, मी इतकी देखणी हाय व्हय?" असे म्हणून ती कितीतरी वेळ तिथून हलली नाही.

मग परदेशी हसणारी बाई आली. ती झाली भोसरीतल्या एका कॅन्टीनची वाढपीण. हात तसेच एकावर एक ठेवलेले, पण हातात पळी. मागे डोंगर-नदीच्या जागी कारखान्यांची धुराडी आणि इंद्रायणीचा फेसाळ पट्टा. ती का हसते आहे ते कॅन्टीनमध्ये जेवलेल्या कोणालाही चटकन कळे.

जयंतीच्या दिवसांत वस्तीतल्या विहारात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन होते. तिथल्या संघर्ष नावाच्या कार्यकर्त्याने हट्टाने कस्तुराची ही दोन चित्रेही लावली. तिथे वर्षाली आली. ती हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी चित्रकारांची चित्रे इंटरनेटवर लोकांपर्यंत पोचवते. ती त्या दोन चित्रांपुढून हलेचना. दुसऱ्याच रविवारी ती खोलीवर आली.

"ताई, याच्या मर्यादित प्रती काढू या," ती म्हणाली. "प्रत्येक चित्राच्या पंचवीसच. प्रत्येकीवर तुमची सही आणि क्रमांक. पंचविसावी झाली की पुन्हा एकही नाही."

"पुन्हा का नाही? चौकट तर इथंच असणार," कस्तुराने विचारले.

"म्हणूनच तर. शेवटी जाळी धुऊन तिचा फोटो मला पाठवायचा. घेणारा माणूस तुमच्या शब्दावर घेतो, ताई. आपल्याकडे आहे ते आणखी हजार घरांत निघणार नाही, या शब्दावर."

कस्तुराला तो शब्द आवडला. शब्द पाळणे तिला जमत होते. दोन्ही चित्रांच्या पंचवीस-पंचवीस प्रती निघाल्या, जाहीर झाल्या त्याच दिवशी संपल्या, आणि तिने जाळी धुऊन फोटो पाठवले. लोक तिला द्रष्टी चित्रकार म्हणू लागले. कस्तुराने तो शब्द चिमाबाईला वाचून दाखवला आणि दोघी खूप हसल्या.

आता मी त्याच्याबद्दल सांगते, ज्याच्यासाठी ही सगळी हकिगत आहे.

शेजारच्या खोलीत कुलदीप नावाचा मुलगा भाड्याने राहायचा. मराठवाड्यातला, औंढ्याच्या पुढचे टाकळी हे त्याचे गाव. चाकणच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर होता. मोटारीच्या आत जो वायरींचा गुंता असतो, तो बांधायचे त्याचे काम होते. त्याच्याबरोबर बंटी नावाचा त्याच्याच गावचा जोडीदार राहायचा, पण दोघांच्या शिफ्ट उलट्या. कुलदीप कामावरून यायचा तेव्हा खोलीत कोणी नसायचे. एकदा कस्तुराने त्याला पायरीवर कोरडे बिस्कीट चहात बुडवून खाताना पाहिले आणि आत बोलावले. त्या दिवसापासून तो रोज तिच्याकडे जेवायला लागला. पीठ-भाजी आणून टाकायचा, पाण्याच्या कळश्या भरायचा आणि तिला मावशी म्हणायचा. त्याच्या बोलण्याने ती खोली भरून जायची. तो गेला की कस्तुरा त्याने सांगितलेल्या गमती एकटीच आठवून हसायची.

एक दिवस रात्रपाळी करून सकाळी आलेला कुलदीप ताटावर बसल्या-बसल्या पेंगला. घास हातात, मान एका बाजूला कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. चेहऱ्यावर थकवा होता, पण त्रास नव्हता. कस्तुराच्या हातातली पोळी तव्यावर करपली. तिने भिंतीवरच्या बोधिसत्त्वाकडे पाहिले, पुन्हा त्याच्याकडे पाहिले आणि कोळशाचा तुकडा उचलला.

जागा झाल्यावर त्याने ते रेखाटन पाहिले. "मावशे, मला देव केलाव की!"

"देव नाही रे. दुसऱ्यासाठी थांबलेला माणूस आहे तो."

"आन् हातात कमळ कशाला? आमच्या लाइनीवर वायरींचा गुच्छ ऱ्हातो. त्योच द्या."

आणि तेच झाले. कमळाच्या देठासारखा हलकेच वाकलेला, लाल-निळ्या-पिवळ्या वायरींचा गुच्छ त्याच्या बोटांत आला. "छापून झालं की पहिली प्रत मला," असे सांगून तो आपल्या खोलीत झोपायला गेला.

चित्र पुरे व्हायच्या आतच कुलदीप गेला. चाकणहून मोटारसायकलवर परत येताना त्याला मागून ट्रकने उडवले. बंटी सांगायला आला तेव्हा तो दारातच खाली बसला. दवाखान्यातून कुलदीपला परस्पर गाडीत घालून गावी नेले होते. कस्तुराने त्याला पाहिले नाही. गावाहून तिला कोणी कळवले नाही, बोलावले नाही. कोण बोलावणार आणि कुठल्या नात्याने? ती पडली शेजारीण. शेजारच्या खोलीत महिन्याभरात दुसरी मुले राहायला आली आणि बंटी कारखान्याजवळ राहायला गेला. कस्तुरा मात्र कित्येक दिवस दोन माणसांची कणीक मळत राहिली.

मग ती चित्राला भिडली. मित्रांनो, इतके जीव ओतून केलेले काम मी दुसरे पाहिले नाही. प्रत्येक रंगासाठी माझ्यावर नवा लेप चढे. त्या रंगाचा थर सगळ्या कागदांवर उतरला की ती मला धुऊन पुढच्या रंगाकडे वळे. मातीचा रंग, त्वचेचा रंग, कामगाराच्या सदऱ्याचा विटका निळा, वायरींचे रंग. सगळ्यांत शेवटी काळी रेघ. त्या रेघेतच त्याच्या पापण्या होत्या, नाक होते, ओठांचा कोपरा होता. पंचवीस प्रती झाल्या आणि एक तिने स्वतःसाठी ठेवली. चित्रकाराला एक ठेवता येते, असे वर्षालीने सांगितलेच होते. ती प्रत तिने आतल्या बाजूला, आपल्या अंथरुणाशेजारी लावली.

चित्राचे खूप नाव झाले. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. हा माणूस कोण, असे वार्ताहराने विचारले तेव्हा कस्तुरा एवढेच म्हणाली, "एक कामगार." त्याचे नाव तोंडातून निघाले असते तर तिला रडू फुटले असते, आणि परक्यापुढे तिला रडायचे नव्हते.

वर्षालीचा फोन आला. "ताई, जाळी धुतल्याचा फोटो राहिलाय."

"करते उद्या," कस्तुरा म्हणाली. पण ते उद्या येईना. मी खिडकीपाशी टांगलेली होते आणि कुलदीपच्या चेहऱ्याची रेघ माझ्या जाळीत तशीच होती. कस्तुरा सकाळी चहा घेऊन माझ्यासमोर बसायची. माझ्यापाशी पहिल्यांदा काहीतरी राहिले होते, आणि खरे सांगते, मलाही ते सोडवत नव्हते.

अशातच एका दुपारी बंटी दारात आला. त्याच्याबरोबर एक बाई होती. पायांत धुळीच्या चपला, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, हातात पिशवी. त्या बाईने कस्तुराला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"मावशी, ह्या मंजुळाबाई," बंटी खाली बघत म्हणाला. "कुलदीपची माय."

कस्तुराने घाईने चटई अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे केला. मंजुळाबाई बसल्या नाहीत आणि त्यांनी पाण्यालाही हात लावला नाही. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचा घडी घातलेला कागद काढला.

"ह्ये तुमी काढलं?"

"हो."

"मास्तरनं वाचून दावलं. एक कामगार म्हणं." त्यांचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द दगडासारखा पडत होता. "त्याला नाव न्हवतं? गाव न्हवतं? माय न्हवती? माझ्या लेकराचं तोंड इकलं, आन् मला इचारलं न्हाई."

बंटी मध्ये पडला, "काकू, यांनीच त्याला रोज जेवू घातलं. लई जीव होता यांचा त्याच्यावर."

"मंग तर जास्तीच इचारायचं."

कस्तुरा म्हणाली, "चुकले मी. यातून जे काही आलं ते सगळं तुमचं आहे."

"पैशाचं नाव काढू नगा." मंजुळाबाईंनी कागद छातीशी धरला. "माझ्यापाशी त्याचा एक बी धड फोटू न्हाई. कंपनीच्या बिल्ल्यावरला हाय, त्यात त्यो वळखू येत न्हाई. म्हून आले. मला ह्यातलं एक द्या. मी जाते."

"पंचवीसच होत्या," कस्तुरा हळूच म्हणाली. "सगळ्या लोकांच्या घरी गेल्या. आणखी काढायची नाही, असा शब्द दिलाय. आणि काढायची म्हटली तरी रंगांचे बाकीचे थर धुऊन गेले."

हे सगळे खरे होते. पण आतल्या भिंतीवर एक होती, ते तिने सांगितले नाही. मी तिला दोष देत नाही. ज्या घरात बोलणारे कोणी नव्हते, तिथे सकाळी डोळे उघडल्यावर दिसणारे तेवढे एकच माणूस होते.

मंजुळाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या जायला वळल्या. वळताना त्यांची नजर खिडकीकडे गेली.

ऊन कलले होते. पश्चिमेचा उजेड माझ्या जाळीतून आरपार येत होता. हिरवट लेप काळपट दिसत होता आणि जिथे छिद्रे मोकळी होती तिथे उजेडाची रेघ उमटली होती. पापण्यांची, नाकाची, ओठांच्या कोपऱ्याची. मंजुळाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी हात उचलला आणि बोटांच्या टोकांनी माझ्या जाळीला स्पर्श केला.

"बंट्या," त्या म्हणाल्या, "बघ रं, कसा पेंगलाय. लहानपणी बी असाच ताटावर झोपायचा."

आणि त्या तिथेच, माझ्याखाली, भिंतीला टेकून बसल्या आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या. बंटी बाहेर जिन्यात गेला. कस्तुरा आत गेली. भिंतीवरून खिळे काढल्याचा आवाज मला ऐकू आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती प्रत होती.

"ही माझी होती," ती म्हणाली. "छापून झालं की पहिली प्रत मला, असं तो म्हणाला होता. म्हणजे ती त्याचीच. तुम्ही न्या."

मंजुळाबाईंनी चित्र मांडीवर घेतले. पेंगणारा चेहरा, निळा सदरा, बोटांतला वायरींचा गुच्छ. कितीतरी वेळ त्या नुसत्या बघत होत्या. कस्तुराने पेन्सिल घेतली आणि चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर, जिथे इतर प्रतींवर क्रमांक असतो तिथे, काहीतरी लिहिले. "काय लिवलं?" मंजुळाबाईंनी विचारले. बंटी आत आला होता, त्याने वाचून दाखवले. "कुलदीप मंजुळाबाई मगर. मुक्काम टाकळी."

मंजुळाबाईंनी मग पाण्याचा तांब्या उचलला आणि त्या पाणी प्यायल्या.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बोट केले. "आन् हे? ह्याचं काय करणार?"

"धुऊन टाकायचं आहे," कस्तुरा म्हणाली. "शब्द दिलाय, पण माझा हात होत नाही."

मंजुळाबाई बोलल्या त्या इतक्या हळू की मीही जाळी ताणून ऐकले. "गाडीतून आणला तवा त्यो समदा बांधलेला व्हता. सोडू दिला न्हाई कुणी. म्या त्याचं तोंड बी धुतलं न्हाई." त्यांनी हाताच्या बांगड्या वर सारल्या. "ह्ये मी धुते."

त्या दोघींनी मला मोरीत नेले. कस्तुराने लेप सुटावा म्हणून औषधाचे पाणी माझ्यावर फासले आणि बाजूला सरकली. मंजुळाबाईंनी तांब्याने पाणी ओतले. एका हाताने त्या पाणी सोडत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या स्पंजने पुसत होत्या. कपाळ, मग पापण्या, मग गाल. लहान मुलाच्या डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून आई जशी तळहात आडवा धरते, तसा त्या धरत होत्या. मित्रांनो, मला हजारदा धुतले गेले आहे. कोणी घासून, कोणी आपटून, कोणी शिव्या देत. असे कोणी धुतले नव्हते. हिरवट पाणी मोरीतून वाहत गेले आणि शेवटी माझ्या जाळीपलीकडे फक्त फरशी उरली.

"झालं," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या पदराने मला टिपून कोरडे केले.

त्या रात्रीच्या गाडीने गेल्या. जाताना कस्तुराने त्यांना भाकरी-चटणी बांधून दिली. ती त्यांनी नको म्हटली नाही.

दुसऱ्या दिवशी कस्तुराने कोऱ्या जाळीचा फोटो वर्षालीला पाठवला आणि फोन करून सगळे सांगितले. एक कामही सांगितले. ज्या पंचवीस घरांत ते चित्र गेले आहे, त्या प्रत्येक घरी त्याचे नाव आणि गाव कळव. वर्षालीने कळवले. काहींनी उत्तरच दिले नाही. रहाटणीतल्या एका गृहस्थांनी मात्र लिहिले की, आमची मुले त्याला वायरवाला दादा म्हणायची, आता कुलदीपदादा म्हणतात. ते वाचून कस्तुरा बराच वेळ फोन हातात धरून बसली होती.

त्यानंतर तिने नवे चित्र केलेले नाही. आतली भिंत मोकळी आहे. काढलेल्या चार खिळ्यांची भोके तिने तशीच ठेवली आहेत. सकाळी ती चहा घेऊन माझ्यासमोर बसायची, पण माझ्यात बघण्यासारखे काही नव्हते. जाळीतून नुसती लष्कराची भिंत दिसायची. मला वाटायचे, आपण कोणाचे तरी व्हावे आणि रिकामे व्हावे, हीच आपली जात.

गेल्या आठवड्यात फोन वाजला. कस्तुराने तो कानाला लावला आणि मोठ्या आवाजामुळे मलाही ऐकू आले.

"कस्तुराबाई, लेकराला जाऊन वरीस व्हतंय. तुमी या."

"मी?" कस्तुरा चाचरली. "मी कोण म्हणून येऊ?"

"मावशी म्हून या. दुसरं कोन म्हून?"

आज सकाळी ती औंढ्याच्या गाडीला गेली. जाताना तिने मला पुसले, खिडकी लावली, कुलूप घातले. खोलीत आता मी एकटीच आहे. संध्याकाळ होईल तशी धूळ बसायला लागेल आणि दोन-चार दिवस बसतच राहील. मला त्याची तक्रार नाही.

फक्त तुम्हाला एक मागणे आहे, मित्रांनो. माझ्यासारखी एखादी जुनी चौकट तुमच्या हाती आली, तर काम झाल्यावर तिला लगेच धुवा. रंग वाळला की छिद्रे बुजतात आणि मग तिच्यातून काहीच उतरत नाही. आणि तुम्ही कोणाचे चित्र काढाल, फोटो घ्याल, गोष्ट लिहाल, तर आधी त्याच्या घरी जा. दार वाजवा. त्याची आई कोण आहे ते विचारा. ती देईल ते पाणी प्या आणि मगच रेघ ओढायला घ्या.

कस्तुरा आज तेच करायला गेली आहे. थोडी उशिरा, पण गेली आहे.